हुंदक्याची जागा

सांगलीत औषधाची दुकानं काही कमी नाहीत. त्यातलं एक तर श्रीपादराव लाटकरांच्या घराच्या अगदी समोर होतं, रस्ता ओलांडला की पायरी. तरीही दम्याचा पंप संपत आला की श्रीपादराव बस पकडायचे आणि मिरजेला जायचे. ऐंशी ओलांडलेला माणूस, चार पावलं चालला की धाप लागायची, पण समोरची पायरी चढायची नाही म्हणजे नाही. कारण त्या दुकानावर पाटी होती ‘रिसबूड मेडिकल’, आणि रिसबुडांच्या आजोबांनी लाटकरांच्या आजोबांचं नाटक लाटलं होतं.

निदान श्रीपादरावांचं म्हणणं तरी असं होतं, आणि ते म्हणणं सांगलीतल्या प्रत्येकानं एकदा तरी ऐकून घेतलेलं होतं. आता ऐकायला कुणी थांबत नसे.

नाटकाचं नाव ‘संगीत अभयपत्र’. गेल्या शतकाच्या सुरुवातीला या नाटकानं महाराष्ट्र वेडा केला होता. पुस्तकावर नाटककार म्हणून नाव होतं चिंतोपंत रिसबुडांचं. पण लोक गर्दी करत ते गुंडोपंत लाटकरांसाठी. पुरुषांनीच बायकांची कामं करायचा तो काळ. गुंडोपंत राणी हिरण्मयी होऊन उभे राहिले की थिएटरातल्या खऱ्या बायका पदर सावरून बसायच्या म्हणतात. चौथ्या अंकात गड पडतो, जिंकलेला सेनापती राणीपुढे अभयपत्र धरतो, आणि राणी बोलू लागते. त्या भाषणाच्या ऐन मध्यावर गुंडोपंत एक हुंदका द्यायचे. त्या हुंदक्याला वन्स मोअर मिळायचा. गाण्याला वन्स मोअर मिळालेला सगळ्यांनी ऐकलाय, हुंदक्याला मिळालेला हा एकटाच.

“बाईचं काळीज ज्याला कळलं त्यानंच ते लिहिलं,” श्रीपादराव म्हणायचे. “चिंतोपंताला काय डोंबल कळतंय? तो माणूस सकाळ-संध्याकाळ कृष्णेत डुंबत असायचा. माशाला विचारा की मग बाईचं दुःख!”

श्रीपादराव स्वतः शाळेत चित्रकला शिकवत आणि हौशी नाटकं बसवत. आजोबांनी त्यांना लहानपणी समोर बसवून राणीचा सगळा पार्ट शिकवला होता, हुंदक्यासकट. तोच त्यांनी आपल्या एकुलत्या एक मुलीला, उत्तराला, शिकवला. इतर घरांत पोरं संध्याकाळी पाढे म्हणत, लाटकरांकडे उत्तरा अभयपत्र पदरात घेत असे. हुंदका नीट आला नाही तर जेवण उशिरा.

आणि याच उत्तरानं, दोन हजार सेहेचाळीस सालच्या एका दुपारी, पुण्याहून वडलांना फोन केला.

“आप्पा, बसलायत ना?”

“का गं? कोण गेलं?”

“कुणी नाही गेलं. राणीचं भाषण यंत्रात घातलं होतं. उत्तर आलं. ते चिंतोपंतांचं नाही. पणजोबांचं आहे.”

पलीकडून पंप ओढल्याचा आवाज आला. मग श्रीपादराव म्हणाले, “परत सांग.”

*

हे यंत्र काय होतं ते थोडं सांगायला हवं.

उत्तरा ज्या संशोधन संस्थेत होती तिथं मुळात बोलता न येणाऱ्या रुग्णांवर काम चालायचं. माणूस वाक्य बोलतो तेव्हा त्याचा मेंदू शब्दांच्या आधी हवेची तजवीज करतो. लांब वाक्य येणार असेल तर छाती थोडी जास्त भरून घेतो, कुठं थोडा सोडायचा, कुठं राखून ठेवायचा, हे सगळं आधीच ठरतं. गंमत अशी की माणूस मुकाट्यानं लिहीत असला तरी हे चालूच असतं. ओठ मिटलेले, पण गळ्याचे आणि बरगड्यांचे स्नायू अगदी बारीक हलत असतात. आपण मनातल्या मनातसुद्धा आपल्याच फुप्फुसांनी बोलतो.

उत्तराच्या गटानं हजारो माणसांच्या छातीवर पट्टे बांधून त्यांना लिहायला बसवलं. यंत्राला एका बाजूनं लिहिलेलं दिलं आणि दुसऱ्या बाजूनं श्वास. काही वर्षांत यंत्र इतकं तरबेज झालं की नुसता मजकूर दाखवला तरी तो रचणाऱ्याचा श्वास ते रेघेनं काढून दाखवू लागलं. ही रेघ प्रत्येकाची वेगळी. शब्द उसने घेता येतात, शैलीची नक्कल करता येते, पण दुसऱ्याच्या छातीनं वाक्य रचता येत नाही. संस्थेत या रेघेला ‘श्वासमुद्रा’ म्हणू लागले, आणि मेलेल्या लेखकांच्या मागं लागायला लोकांना एक नवीनच साधन मिळालं.

गुंडोपंतांचा श्वास मिळवणं सोपं होतं. राणीच्या भाषणाची जुनी ध्वनिमुद्रिका होती, शिवाय म्हातारपणी त्यांनी आकाशवाणीवर मारलेल्या गप्पा होत्या. चिंतोपंतांनी नाटक एकच लिहिलं, पण वर्तमानपत्रांतून लेख भरपूर लिहिले होते. उत्तरानं राणीची सगळी भाषणं यंत्राला दिली. रेघ उमटली ती हुबेहूब गुंडोपंतांची.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. नाट्यगृहाच्या समितीनं ताबडतोब ठराव केला. येत्या महिन्यात नाटकाचा शतकोत्तर रौप्यमहोत्सवी प्रयोग होता. त्या दिवशी दर्शनी भिंतीवरची चिंतोपंतांच्या नावाची जुनी पाटी काढून नवी बसवायची, नाटककार म्हणून नाव गुंडोपंत लाटकरांचं, आणि अनावरण श्रीपादरावांच्या हस्ते. श्रीपादरावांनी नवा कोट शिवायला टाकला. ज्यांनी त्यांना आयुष्यभर टाळलं होतं ते आता रस्त्यात थांबवून हुंदक्याबद्दल विचारू लागले, आणि ते भर रस्त्यात देऊन दाखवू लागले.

उत्तराला वडील इतके खूश झालेले आठवत नव्हते. तिला स्वतःचाच अभिमान वाटत होता, आणि तो वाटू नये असं काही कारणही दिसत नव्हतं.

*

कारण घेऊन फोन आला तो समोरच्या दुकानातून.

“उत्तराताई, मी हेरंब रिसबूड. औषधवाला.” आवाज मऊ होता. “अभिनंदन करायचं राहून गेलं होतं.”

“तुम्ही... अभिनंदन करताय?”

“का नको? मला उत्सुकता आहे हो. आजोबांना मी पाहिलेलंही नाही. त्यांनी नसेल लिहिलं तर नसेल लिहिलं. फक्त एक विचारायचं होतं. सेनापतीचं कुणाचं आलं?”

“म्हणजे?”

“राणीचं गुंडोपंतांचं आलं. सेनापतीची भाषणं कुणाची आली? विदूषकाची? नाटकात पात्रं पुष्कळ आहेत ना.”

उत्तरानं काहीतरी सांगून फोन ठेवला आणि नाटकाचं पुस्तक उघडलं. सेनापतीचं तिनं तपासलंच नव्हतं. तपासायचं मनातसुद्धा आलं नव्हतं. लाटकरांच्या घरात ‘अभयपत्र’ म्हणजे राणीची भाषणं, बस्स. राणी कुणाला उत्तर देते, का देते, याच्याशी तीन पिढ्या कुणाला कर्तव्य नव्हतं. श्वासावर जगभर व्याख्यानं देणाऱ्या बाईनं पुस्तक हातात घेऊन आपल्याच घराण्याचा पार्ट तेवढा उचलला होता. तिचे कान तापले.

तिनं उरलेलं नाटक यंत्रात घातलं.

सेनापतीची रेघ गुंडोपंतांची नव्हती. चिंतोपंतांचीही नव्हती. विदूषकाची तिसऱ्याच माणसाची निघाली, धापा टाकणाऱ्या कुणा लठ्ठ माणसाची असावी तशी. प्रधानाची चौथ्याची. दोन वाक्यं बोलून जाणाऱ्या द्वारपालालासुद्धा स्वतःचा वेगळा श्वास होता.

उत्तराला आधी हसूच आलं. एकेका पात्राला एकेक लेखक! राजवाड्याच्या द्वारपालानं आपली दोन वाक्यं आपणच लिहून आणली की काय? मग तिचं हसू मावळलं. असं नाटक कधी होतं, हे तिला माहीत होतं. आप्पांनीच सांगितलं होतं, आणि एकदा नव्हे, शंभरदा.

जुन्या कंपन्यांत पूर्ण नाटक कुणाच्याही हाती देत नसत. नट फुटला आणि दुसऱ्या कंपनीला जाऊन मिळाला तर नाटकही घेऊन जायचा. म्हणून ज्याला त्याला फक्त आपल्या वाक्यांची नक्कल मिळायची, आणि पूर्ण प्रत मालकाच्या पेटीत बंद. ‘अभयपत्र’ची ती पेटी एका मुक्कामी मंडपाला लागलेल्या आगीत जळाली. चिंतोपंत तोवर वारले होते. पुढे एका प्रकाशकानं कंपनीतल्या सगळ्या जुन्या नटांना एका खोलीत बसवलं, प्रत्येकानं आपापला पार्ट तोंडपाठ म्हटला, आणि तो उतरवून पुस्तक छापलं. “आजोबा एका बैठकीत अख्खी राणी बोलून गेले,” हे आप्पा केवढ्या अभिमानानं सांगायचे.

वर्षानुवर्षं घोळवून प्रत्येक नटानं वाक्यं आपल्या छातीला बेतून घेतली होती. इथं एक शब्द गाळला, तिथं एक विश्रांती वाढवली. यंत्रानं खोटं सांगितलंच नव्हतं. त्यानं तोंडं ओळखली होती. मग त्या तोंडांत वाक्यं घातली कुणी?

हा प्रश्न पडला आणि उत्तराला तहानभूक सुचेना. अंगावर दुसऱ्याचा कोट घातला की तो कुठंतरी काचतोच. तिनं यंत्राला उलट काम लावलं. मिळतंय कुठं ते नको, काचतंय कुठं ते दाखव. वाक्य एक श्वास मागतंय आणि बोलणारा दुसराच घेतोय, अशा जागा शोध.

जागा सापडल्या. सेनापतीत होत्या, विदूषकात होत्या, द्वारपालातही एक होती. सगळ्यांखालून एकच श्वास जात होता, लांब, सावकाश, भरपूर हवा राखून ठेवणारा. तिनं तो चिंतोपंतांच्या लेखांशी लावून पाहिला. रेघेवर रेघ बसली. नदी पोहून जाणाऱ्या माणसाचा श्वास होता तो.

आणि सगळ्यात जास्त काचणारी जागा, यंत्रानं लाल करून दाखवलेली, चौथ्या अंकातल्या राणीच्या भाषणाच्या ऐन मध्यावर होती.

*

उत्तरा सांगलीला आली तेव्हा श्रीपादराव आरशासमोर नवा कोट घालून उभे होते. तिनं सगळं सांगितलं. आडवळणानं सांगणं तिला जमलं नसतं आणि आप्पांनी ते ऐकूनही घेतलं नसतं.

“म्हणजे काय?” ते म्हणाले. “हुंदक्याचं काय म्हणतेस तू?”

“वाक्य फार लांब आहे, आप्पा. पणजोबांना ते एका दमात झेपत नव्हतं. मध्येच हवा घ्यावी लागायची. ती घेतलेली कळू नये म्हणून...”

“म्हणून हुंदका दिला?”

“हो.”

“लोक रडायचे त्या हुंदक्याला!”

“रडायचे ना. त्यांनी काढलाच तसा. पण आप्पा, लिहिणारा माणूस स्वतःला न पेलणारं वाक्य लिहीत नाही. ते पणजोबांनी लिहिलं असतं तर तिथं हुंदका लागलाच नसता.”

श्रीपादरावांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. लाटकरांकडे पिढीजात असं काही नव्हतं, ना जमीन, ना दागिने. हा एक हुंदका होता. आणि पोटची पोर सांगत होती की तोच त्यांच्याविरुद्धचा पुरावा आहे.

“कुणाला सांगितलंस?”

“अजून कुणालाच नाही. तुम्हाला आधी सांगावं म्हटलं.”

“मग नको सांगू.” ते तिच्याकडे बघत नव्हते. “परवा कार्यक्रम आहे. माझे किती दिवस राहिलेत? मी गेल्यावर सांग काय सांगायचं ते.”

“आप्पा, चूक माझी आहे. मी अर्धवट तपासलं आणि पेपरात दिलं. ते मला मागं घ्यावंच लागणार.”

“घे की! घे मागं! पन्नास वर्षं लोक हसले मला, आता तुझ्या तोंडून हसतील.” त्यांना खोकल्याची ढास लागली. उत्तरानं पंप पुढं केला तर त्यांनी हात झटकला, आणि मग पाठ करून तोच पंप ओढला. तो रिकामा होत आल्यासारखा फुसफुसला.

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. उत्तराला वाटत राहिलं की आपण राणीचं भाषण यंत्रात घातलंच नसतं तर बरं झालं असतं. पण सेनापतीचं कुणाचं, हा प्रश्न आता माहीत झाला होता, आणि तो विसरायचा कसा हे काही तिला माहीत नव्हतं.

फक्त एक गोष्ट तिच्या लक्षात आली. दुपारभर आतल्या खोलीतून पुटपुटणं ऐकू येत होतं. आप्पा ते भाषण म्हणत होते, मध्याशी येऊन अडत होते, आणि परत पहिल्यापासून सुरू करत होते.

*

कार्यक्रमाला नाट्यगृह भरलं होतं. रंगमंचावर टेबल, टेबलावर मखमलीखाली नवी पाटी. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, हेरंब रिसबूड बसलेले उत्तराला दिसले. समितीचे अध्यक्ष लांबलचक बोलले. आपला खुलासा मी सुरुवातीलाच करीन, असं उत्तरानं त्यांना सकाळी बजावलं होतं, आणि ते बिचारे तिला संधीच न देण्याचा आटापिटा करत होते. शेवटी उत्तरा उठली. तेवढ्यात श्रीपादरावांनी तिच्या हाताला धरून तिला बसवलं आणि स्वतः माईकपाशी गेले.

मखमलीकडे त्यांनी बघितलंही नाही.

“माझ्या मुलीनं शोध लावला,” ते म्हणाले. “तो अर्धाच होता. उरलेला अर्धा तिनं परवा लावला आणि मी तिला तोंड बंद ठेव म्हणालो. ते चुकलं माझं.” सभागृहात कुजबूज झाली. ते थांबले, दम खाल्ला. “नाटक चिंतोपंतांचं आहे. आमच्या आजोबांना त्यांचं वाक्य एका दमात पेलत नव्हतं. काल दिवसभर म्हणून बघितलं, मलाही पेललं नाही. आता ते नीट कसं असेल, ते ऐकायचंय मला. लहानपणापासून म्हणतोय, पण खरं सांगू का, आख्खं मी ते कधी ऐकलेलंच नाही. उत्तरे, ये इकडं.”

“आप्पा, मी? इथं?”

“तुला पाठ आहे की. हुंदका न देता म्हण.”

उत्तरा उभी राहिली. भाषण ओठांवर होतं, पण मध्यावर आलं की गळा आपोआप दाटून यायचा, तशीच सवय लावली होती तिला. तिनं डोळे मिटले. यंत्रावरची ती लांब रेघ आठवली, आणि त्या रेघेत जितकी हवा होती तितकी छातीत भरून घेतली.

“सेनापती, ज्या हातांनी माझ्या गडाचे दरवाजे फोडले त्याच हातांनी आज मला अभय देता, तर ऐका, हे अभयपत्र मी घेईन, डोळ्यांना लावीन, पदरी बांधीन, आणि तुमच्या देखत त्याच दरवाजात उभी राहून ते पेटवीन, आणि त्याच्या उजेडात माझी माणसं एकेक करून मोजीन!”

कुणी टाळी वाजवली नाही. 

शंभर वर्षं ‘पदरी बांधीन’पाशी हुंदका येत होता. राणी तिथं खचायची, अभय पदरात घ्यायची, लोक रडायचे, वन्स मोअरचा कल्लोळ उठायचा, आणि पुढचे शब्द त्या कल्लोळात वाहून जायचे. लाटकरांच्या घरातही ते हुंदक्यानंतरची शेपटी म्हणून भरभर उरकले जायचे. राणी रडतच नव्हती. तिनं अभय घेतलं होतं ते जाळायलाच. पहिल्या शब्दापासून तिला माहीत होतं वाक्य कुठं जाणार ते, आणि एका दमात ती तिथं पोचली होती. इतकी वर्षं ही बाई आपल्या घरात राहत होती आणि आपण तिला ओळखलंच नव्हतं, असं तिला वाटलं.

तिनं वडलांकडे पाहिलं. श्रीपादरावांचे डोळे भरून आले होते आणि चेहऱ्यावर, काय सांगावं, कुतूहल होतं, नवीन खेळणं उघडून बघणाऱ्या पोरासारखं.

“असं होय!” ते स्वतःशीच म्हणाले. “ती जाळणार असते होय!”

मग माईक जवळ घेऊन म्हणाले, “अध्यक्ष, जुनी पाटी राहू द्या. हवं तर खाली बारीक अक्षरात घाला, वाक्य रिसबुडांचं, हुंदका लाटकरांचा. तेवढा आमचाच आहे, तो कुणाला देणार नाही.”

आता मात्र लोक हसले, पण त्या हसण्यात त्यांना टोचावं असं काही नव्हतं. ते हसू ओसरायच्या आत श्रीपादरावांनी उत्तराकडे हात केला आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले, “वन्स मोअर!”

त्या ओरडण्यात त्यांचा दम संपला. छाती वरखाली होऊ लागली. उत्तरानं धावत येऊन त्यांच्या कोटाच्या खिशातला पंप काढला, दाबला. रिकामा होता. मागच्या रांगेत हेरंब उठून उभे राहिले होते, पुढं यावं की नाही या विचारात.

श्रीपादरावांनी टेबलाचा आधार घेतला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना नावानं हाक मारली.

“हेरंबराव,” ते धापा टाकत म्हणाले, “दुकान उघडं आहे का हो तुमचं?”